टोन निवडणं म्हणजे वाजवणं नव्हे

की-बोर्ड वाजवणाऱ्यांच्या कुठल्याही बैठकीत फिल्टरचा विषय काढून पाहा. ठरलेली वाक्यं कानावर येतातच. ‘डिजिटल सिंथवर फिल्टरला हात कशाला लावायचा? चांगला टोन घ्यायचा आणि वाजवायचं.’ ‘फिल्टरने आवाज फक्त कमी होतो, नवीन काही येत नाही.’ ‘खरा फिल्टर ॲनालॉगचा, डिजिटलमध्ये नुसती आकडेमोड.’ आणि एवढ्यानेही समोरचा गप्प बसला नाही, तर शेवटी हुकमी पान टाकलं जातं: ‘डीएक्स७ला कुठे फिल्टर होता?’

हे मत आता इतकं रुळलं आहे की ते मत राहिलेलं नाही, ती शिकवण झाली आहे. विद्यार्थी शिकवणीला येतो. त्याला सरगम, स्केल, कॉर्ड, बोटांची फिरत सगळं शिकवलं जातं. पॅनेलवरच्या ‘कटऑफ’ आणि ‘रेझोनन्स’ लिहिलेल्या नॉबजवळ मात्र त्याचा हात कधीच नेला जात नाही. टोन हवा असला की तो पेन ड्राइव्हवरून आणायचा, नाही आवडला तर दुसरा आणायचा. आपल्या वाद्याचा आवाज घडवणं हे आपलं काम आहे, असं त्याला कुणी सांगतच नाही. मला हे घातक वाटतं, म्हणून या मताचा एकेक मुद्दा घेऊन मी त्याला उत्तर देणार आहे.

आधी ते मत त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडू. आजच्या डिजिटल वाद्यात खऱ्या पियानोचे, बासरीचे, व्हायोलिनचे उत्तम ध्वनिमुद्रित नमुने असतात. निष्णात तंत्रज्ञांनी ते निवडलेले, घासूनपुसून भरलेले असतात. फिल्टर हे सत्तरच्या दशकातल्या गरीब वाद्यांचं साधन. तेव्हा मूळ आवाजच दोन-तीन प्रकारचे होते, म्हणून ते छाटून-कापून काम भागवावं लागे. आता आवाजांचं भांडार हाताशी असताना छाटाछाट कशासाठी? आणि करायचीच असेल, तर ती ॲनालॉग यंत्रावर करावी, कारण डिजिटल फिल्टर ही मूळ वस्तूची नक्कल आहे.

पहिला मुद्दा: फिल्टर फक्त कमी करतो. हे म्हणणाऱ्याने एकदा स्वतःचा गळा आठवावा. स्वरतंतूंतून निघणारी भणभण ही एकच, उपस्वरांनी गच्च भरलेली. तीच भणभण घशातून, तोंडातून, जिभेच्या आणि ओठांच्या आकारातून बाहेर पडते आणि काही पट्टे उठून दिसतात, बाकीचे दबतात. पुरुषाच्या आवाजात साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झच्या आसपासचे पट्टे उठले की आपल्याला ‘आ’ ऐकू येतो. ३०० आणि २३०० च्या आसपासचे उठले की ‘ई’. षड्ज तोच, तंतू तेच, आणि तरी आकार वेगळा, ईकार वेगळा. गायक आकारात तान घेतो तेव्हा तो स्वरतंतूंचा आवाज ‘कमी’ करत असतो असं कुणी म्हणेल का? माणसाचा आवाज हीच मुळी स्रोत आणि फिल्टर यांची जोडी आहे. बेल लॅब्जमधल्या होमर डडली यांनी १९३० च्या दशकात व्होकोडर उभा केला तो याच तत्त्वावर. भाषा नावाची गोष्ट जिच्या जोरावर चालते, ती क्रिया दुय्यम कशी?

यापेक्षा जवळून पाहायचं असेल, तर कुठल्याही डिजिटल सिंथवर एक सॉटूथ लहर घ्या आणि ११० हर्ट्झचा स्वर धरून ठेवा. त्याला सा माना. या लहरीत ११०च्या पटीतले सगळे उपस्वर आहेत: २२०, ३३०, ४४०, ५५० आणि पुढे. आता कटऑफच्या वरचे उपस्वर दाबणारा, सप्तकामागे २४ डेसिबलचा लो-पास फिल्टर लावा आणि कटऑफ ५०० हर्ट्झवर आणा. हजार हर्ट्झजवळचे उपस्वर मूळच्या सुमारे सोळाव्या भागावर येतात आणि दोन हजारांच्या पुढचे जवळजवळ नाहीसे होतात. आवाज गोल, बंद, खर्जातला झाला. इथपर्यंत ‘कमी झालं’ हे बरोबर आहे. आता रेझोनन्स, म्हणजे कटऑफजवळच्या पट्ट्याचा उठाव, चांगला वर न्या आणि कटऑफ २०० पासून अगदी सावकाश वर सरकवा. कान नीट लावून ऐका. आधी वरचा सा उठतो, मग प, मग पुन्हा सा, आणि ५५० ला पोचताच लख्ख शुद्ध गंधार. पुढे प, मग कोमल निषादाच्याही किंचित खाली असलेला तो सातवा उपस्वर, मग सा, मग रे. तुम्ही पट्टी एकच दाबून धरली आहे. तानपुरा नीट जुळला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो हे आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला पहिल्या वर्षीच सांगतात आणि तो ऐकू येण्यासाठी जवारी लावणारा कारागीर घोडीवर किती वेळ घालवतो हेही आपण जाणतो. स्वरात दडलेला स्वर कानापर्यंत आणणं ही तानपुऱ्यात साधना ठरते. मग सिंथवर तेच काम फिल्टर करतो तेव्हा ती छाटाछाट का ठरावी?

आणि फिल्टर ‘नवीन काही देत नाही’ या म्हणण्याला तर डिजिटल संगीताच्या इतिहासात थेट उत्तर आहे. १९८३ मध्ये केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. कसलाही क्रम नसलेले, यदृच्छेने आलेले आकडे घ्या, समजा २००. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या वेगाने ते पुन्हा पुन्हा गोल फिरवत वाजवा. एवढंच केलं तर सुमारे २२० हर्ट्झची कर्कश, न बदलणारी घरघर ऐकू येते. आता प्रत्येक फेरीत पाठोपाठच्या दोन आकड्यांची सरासरी काढून तीच परत आत सोडा. दोन आकड्यांची सरासरी हा जगातला सर्वांत साधा डिजिटल लो-पास फिल्टर. सावकाश बदलणारी लहर तिच्यातून जवळपास तशीच जाते. एक अधिक, एक उणे अशी भरभर उलटणारी लहर मात्र सरासरीत शून्य होते. प्रत्येक फेरीला वरचे उपस्वर लवकर विझतात, खालचे रेंगाळतात, आणि त्या घरघरीची छेडलेली तार होते. तिथे तार नाही, भोपळा नाही, नखी नाही, तारवाद्याचं ध्वनिमुद्रणसुद्धा नाही. आहे तो गोंगाट आणि फिल्टर. त्या तारेचा आवाज कुठून आला, हे ‘फिल्टर फक्त कमी करतो’ म्हणणाऱ्यांनी सांगावं.

दुसरा मुद्दा: डिजिटल फिल्टर म्हणजे नुसती आकडेमोड, त्यात जीव नाही. या तक्रारीला एके काळी आधार होता आणि तो नेमका काय होता हे तक्रार करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता येतं, म्हणून मीच सांगतो. रॉबर्ट मूग यांनी १९६६ मध्ये ज्या ट्रान्झिस्टर-शिडीच्या फिल्टरसाठी पेटंटचा अर्ज केला, त्यात बाहेर पडणारा आवाज त्याच क्षणी परत आत जातो. संगणकाला हे ‘त्याच क्षणी’ जमत नाही. हिशेब पुरा झाल्याशिवाय उत्तर हाती नसतं, म्हणून मागच्या सॅम्पलचं उत्तर आत सोडावं लागे. एका सॅम्पलच्या त्या उशिरामुळे रेझोनन्सचा सूर वरच्या भागात बिघडे आणि कटऑफ हलवला की रेझोनन्सही हले. शिवाय मिडीच्या नॉबला १२८ पायऱ्या. कटऑफ फिरवताना त्या पायऱ्या खरखरत ऐकू येत. हे दोष खरे होते.

पण ते दोष आकडेमोडीचे होते की अपुऱ्या आकडेमोडीचे? टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ मध्ये मूगच्या फिल्टरची डिजिटल चिरफाड करून अडचण नेमकी कुठे आहे ते दाखवलं. अँटी हुओविलायनेन यांनी २००४ मध्ये त्या शिडीच्या चारही टप्प्यांत ट्रान्झिस्टरचं वाकणं, म्हणजे मोठा आवाज आला की लहर दबून गोलावणं, हेच गणितात बसवलं. पुढे एका सॅम्पलचा उशीर टाळून समीकरण त्याच क्षणी सोडवण्याच्या पद्धती आल्या. वादिम झावालिशिन यांचं या विषयावरचं पुस्तक कुणालाही वाचता येतं. ज्याला ‘जीव’ म्हटलं जात होतं, तो बऱ्याच अंशी ट्रान्झिस्टरच्या वक्र वागण्याचा परिणाम होता आणि वक्र मोजता येतो. तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांवरचा आक्षेप आजच्या यंत्रांवर तसाच लावणं हा आळस आहे. ज्यांना तो लावायचा आहे, त्यांनी निदान आजचं यंत्र समोर ठेवून, कान उघडे ठेवून लावावा.

मला तर पुढे जाऊन विचारायचं आहे: नक्कल जमली की नाही, हाच प्रश्न कशाला? ॲनालॉग फिल्टरचा सूर तापमानाबरोबर सरकतो. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात, संध्याकाळच्या उकाड्यात जुळवलेलं यंत्र रात्री गारवा पडल्यावर तसंच राहील याची खात्री नसते. डिजिटल फिल्टरला पट्टीनुसार वर-खाली व्हायला सांगितलं, तर तो प्रत्येक स्वराला अचूक त्याच्या जागी राहतो; इतका की रेझोनन्स टोकाला नेऊन खुद्द फिल्टरलाच सुरात गाता येतं. प्रत्येक स्वराला स्वतःचा स्वतंत्र फिल्टर मिळतो. ‘आ’चा आकार ‘ई’मध्ये सरकवता येतो. एखाद्या स्वराच्या बरोबर पटीतल्या जागा उठवणारा कंगव्यासारखा फिल्टर नेमक्या सुरात लावता येतो. आज घडवलेला आवाज सहा महिन्यांनी तसाच्या तसा परत मिळतो. ही सगळी आकडेमोडीची देणगी आहे. तिला नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांनी यातलं काय काय वापरून पाहिलं आहे?

तिसरा मुद्दा, ते हुकमी पान: डीएक्स७. यामाहाचं हे वाद्य १९८३ चं. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर चालणारं. त्यात फिल्टर नव्हता हे खरं आणि तरी त्याने ते दशक गाजवलं हेही खरं. पण फिल्टर नसल्याने त्याचं काम अडलं नाही ते का, हा प्रश्न पुढे विचारायला नको? एफएममध्ये एक लहर दुसरीला हलवते आणि हे हलवणं जितकं जास्त, तितके वरचे उपस्वर जास्त. हलवण्याची मात्रा वेळेनुसार आणि बोटाच्या जोरानुसार बदलली की आवाज उजळतो, मंदावतो. चाउनिंग यांच्याही आधी, १९६० च्या दशकात, ज्याँ-क्लोद रिसे यांनी बेल लॅब्जमध्ये ट्रम्पेटचा आवाज संगणकावर तपासला, तेव्हा त्यांना हेच सापडलं होतं की आवाज मोठा होतो तसे वरचे उपस्वर जास्त वेगाने वाढतात आणि हा बदलच कानाला ‘ट्रम्पेट’ म्हणून पटतो. स्थिर, न बदलणारा आवाज कितीही अचूक असला तरी कान त्याला खोटा ठरवतो. म्हणजे स्वर चालू असताना उजळपणा बदलणं ही मूळ गरज आहे. फिल्टर हा ती भागवण्याचा एक मार्ग, एफएम हा दुसरा. डीएक्स७ने ही गरज नाकारली नाही, वेगळ्या वाटेने भागवली.

शिवाय डीएक्स७ला साक्षीदार म्हणून उभं करायचं, तर त्याच्या आगेमागे काय घडलं तेही ऐकावं लागेल. १९८२ च्या पीपीजी वेव्ह २.२ मध्ये आणि १९८६ च्या एन्सोनिक ईएसक्यू-१ मध्ये लहरी डिजिटल स्मृतीत साठवलेल्या होत्या आणि तरी त्यांच्या पुढे फिल्टर बसवलेला होता, कारण साठवलेली लहर एकटी सोडली की सपाट वाटते. खुद्द यामाहाने १९८९ मध्ये एसवाय७७ काढला तेव्हा एफएमच्या पुढे रेझोनन्ससह डिजिटल फिल्टर बसवला. ज्या कंपनीने फिल्टर वगळून वाद्य विकून दाखवलं, तिनेच सहा वर्षांत तो परत आणला. यातून फिल्टर अनावश्यक ठरतो का?

चौथा मुद्दा सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि माझा मुख्य राग त्याच्यावर आहे: चांगला टोन घेतला की काम झालं. या समजुतीचा जन्म मला समजतो. १९८७ च्या रोलँड डी-५० मध्ये ध्वनिमुद्रित तुकड्यांना फिल्टर लागतच नव्हता. तो फक्त संश्लेषित लहरींना होता. १९८८ च्या कॉर्ग एम१ मध्ये फिल्टर होता, पण रेझोनन्स नव्हता. ही दोन्ही वाद्यं अफाट चालली आणि एका पिढीच्या मनात बसलं की आवाज कारखान्यातून तयार येतो, फिल्टर आहे तो थोडा मंद करण्यापुरता. त्या काळच्या चिपची मर्यादा आपण सिद्धान्त म्हणून जपून ठेवली.

पियानोच्या पट्टीवर हलका हात टाकला तर हातोडीवरचा नमदा मऊ लागतो. जोरात मारलं की तोच नमदा दबून कठीण होतो आणि वरचे उपस्वर उसळतात. बासरीत फुंक वाढली की सूर नुसता मोठा होत नाही, उजळतो. वाजवणाऱ्याचा जोर आणि आवाजाचा उजळपणा यांची ही गाठ बहुतेक खऱ्या वाद्यांत निसर्गतः बांधलेली आहे. डिजिटल सिंथमध्ये ती आपणच बांधायची असते: बोटाचा जोर कटऑफला जोडायचा, किती जोडायचा ते आपल्या हाताला विचारायचं, कटऑफ किती वेळात खाली उतरावा ते लयीला विचारायचं. टोन भरून देणाऱ्याला तुमच्या बोटांचं वजन माहीत नाही. त्याने ती गाठ सरासरी माणसासाठी बांधलेली असते किंवा बांधलेलीच नसते. मग सगळे की-बोर्ड एकसारखे वाजतात आणि आपण म्हणतो, डिजिटलमध्ये जीव नाही. वाद्याला जीव देण्याचं काम आपण सोडून दिलं, त्याचा दोष वाद्याच्या माथी का?

ऑर्केस्ट्रातला नेहमीचा प्रसंग घ्या. गायिका मध्य सप्तकात गाते आहे, डग्गा घुमतो आहे, आणि की-बोर्डवर पेन ड्राइव्हवरून आणलेला भरदार स्ट्रिंग्जचा टोन चालू आहे. एकटा ऐकला तेव्हा तो भव्य वाटला होता, कारण विकायला ठेवलेला टोन एकटाच भव्य वाटावा असाच बनवतात. गाण्यात आला की तो २०० ते ५०० हर्ट्झचा सगळा पट्टा व्यापतो, डग्ग्याची गमक आणि गायिकेच्या आवाजाचा गाभा दोन्ही गिळतो. मिक्सरवरचा माणूस वैतागून की-बोर्ड खाली ओढतो. स्ट्रिंग्ज ऐकूच येत नाहीत. मग वादक आवाज वाढवतो. हा झगडा पूर्ण कार्यक्रमभर चालतो. हाय-पास फिल्टर ३०० च्या पुढे आणून, वरून थोडा लो-पास उतरवून तोच टोन गायिकेच्या मागे स्वच्छ उभा राहतो आणि मुखड्याच्या आधी कटऑफ उघडून तो पुढेही आणता येतो. जे काम आवाजाच्या पट्टीने होत नाही, ते फिल्टरने होतं. हे कार्यक्रम चालू असताना, डाव्या हाताने, त्या रात्रीच्या गाण्याकडे पाहून करायचं काम आहे. पेन ड्राइव्हमध्ये ते कसं भरून मिळणार?

तयार टोनने काम होत नाही, याचा मोठा दाखला म्हणजे टीबी-३०३. रोलँडने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेलं हे छोटं ॲनालॉग यंत्र. बेस गिटार वाजवणाऱ्याची जागा भरून काढावी, एवढाच त्याचा हेतू. त्या कामात ते सपशेल पडलं आणि थोड्याच वर्षांत बंद झालं. म्हणजे ‘तयार टोन’ म्हणून ते नापास. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’साठी ते ज्युपिटर-८ सिंथ आणि टीआर-८०८ ड्रम मशीन यांच्या जोडीला घेतलं, १९८७ मध्ये शिकागोत फ्यूचर या गटाने ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये त्याचे नॉब स्वर चालू असताना फिरवले आणि एका नव्या संगीतप्रकाराला नाव मिळालं. त्या यंत्रावर आवाज घडवणाऱ्या सहा नॉबपैकी निदान चार थेट फिल्टरशी निगडित आहेत. स्वर तेच, लहर तीच. वाजवली गेली ती फिल्टरची हालचाल. पुढे हेच यंत्र पूर्णपणे आकड्यांत उतरवून पुन्हा पुन्हा विकलं गेलं, कारण लोकांना हवी होती ती तीच हालचाल. फिल्टर दुय्यम असता, तर फेकून दिलेल्या यंत्राला हे भाग्य लाभलं असतं का?

कुणी म्हणेल, फिल्टर सरकवण्याची युक्ती आता घासून गुळगुळीत झाली आहे. गाणं सुरू होण्याआधी बंद आवाज हळूहळू उघडण्याचा प्रकार ऐकून कान विटले. विटले असतील. तानेचाही अतिरेक होतो, म्हणून तान शिकवणं कुणी बंद केलेलं नाही. वाईट वापरावरचा उपाय चांगला वापर शिकवणं हाच आहे आणि तो शिकवायचा, तर आधी हा विषय वर्गात यायला हवा.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. सिंथवर स्वर म्हणजे पट्टी आणि तिचा आवाज असं समीकरण नाही. स्वर म्हणजे तो उमटल्यापासून विझेपर्यंत त्याच्या उपस्वरांचं जे काही होतं ते सगळं, आणि त्याचा लगाम फिल्टरच्या हातात आहे. तो लगाम सोडून देणारा वादक अर्धंच वाद्य वाजवतो, आणि उरलेलं अर्धं त्याच्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी, त्याला न ओळखता, आधीच वाजवून ठेवलेलं असतं. की-बोर्ड शिकवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याला एक सॉटूथ, एक लो-पास आणि एक रिकामा तास द्यावा. टोन विकत घेण्याआधी असलेला टोन उघडून पाहावा, कटऑफ कुठे आहे, बोटाला तो किती ऐकतो ते तपासावं. डिजिटल फिल्टर नकली आहे, अनावश्यक आहे, फक्त कमी करणारा आहे, हे तिन्ही आरोप खोटे आहेत. तो वाद्याचा गळा आहे. गळा न वापरता गाणं शिकवण्याचा आग्रह आता सोडा.